अरब नर्स, ज्यू पेशंट आणि तुझा प्रश्न: २७ वर्षं इमर्जन्सीत काढल्यावर मला काय वाटतं

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. तू नाशिकची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, एजंटने इस्रायलला केअरगिव्हरच्या कामाचं विचारलंय, घरचे घाबरलेत, आणि तू विचारतेस की ताई, अरब आणि ज्यू हजारो वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेत म्हणतात, मग तिथल्या हॉस्पिटलात ते एकत्र काम कसं करतात, भीती नाही वाटत का, आणि हे सगळं कधी संपणार आहे की नाही. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून जरा वेळ काढून वाच.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. १९९६ ला इकडे आले, हिब्रू शिकले, नर्सिंगची परीक्षा परत दिली आणि १९९८ पासून इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आहे. राहते लोदमध्ये, विमानतळाला लागून आहे ते. अरब आणि ज्यू एकाच गावात राहतात अशी जी थोडी गावं इथे आहेत त्यातलं हे एक.

आधी ते 'हजारो वर्षं' डोक्यातून काढून टाक. माझी आजी अलिबागच्या इस्रायल आळीतली. ती उपासाला उपास म्हणायची नाही, रोजा म्हणायची. बिरड्याचा रोजा, म्हणजे जेरुसलेमचं आमचं देऊळ पडलं त्या दिवसाचा उपास, तो सोडायला वालाचं बिरडं. आणि सिनेगॉगला ती मशीद म्हणायची, आमचे सगळे जुने लोक तसंच म्हणायचे. मुंबईत मशीद बंदर स्टेशन आहे ना, त्याचं नाव जवळच्या आमच्या १७९६ च्या सिनेगॉगवरून पडलं असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. आता ज्यांच्याशी हाडवैर आहे त्यांचे शब्द कोणी आपल्या देवाच्या गोष्टींना वापरेल का? आमच्याच धंद्यातला दाखला हवा असेल तर मायमोनिडीस घे, ज्यूंचा सगळ्यात मोठा धर्मपंडित, बाराव्या शतकात कैरोमध्ये सुलतान सलाउद्दीनच्या दरबारात वैद्य होता आणि वैद्यकीवरची पुस्तकं अरबीत लिहायचा. म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणत नाहीये, याच मायमोनिडीसच्या घरच्यांना स्पेनमधून कट्टर मुसलमान राज्यकर्त्यांमुळेच पळावं लागलं होतं, आणि १९४१ मध्ये बगदादमध्ये दोन दिवसांच्या दंगलीत दीडशेच्या वर ज्यू मारले गेले. पण चांगले दिवस, वाईट दिवस, शेजार, भांडणं असं सगळं होतं. आज जी लढाई आहे ती साधारण शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, एका जमिनीवर दोन समाजांनी एकाच काळात आपला देश मागितला त्याची आहे. ती माणसांनी केलेल्या राजकारणातून आली, रक्तातून नाही आली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रक्तातली म्हटली की कोणालाच काही करायची गरज उरत नाही.

मी राहते त्या लोदचंच बघ. १९४८ च्या जुलैमध्ये इस्रायली सैन्याने लोद आणि शेजारचं रामला घेतलं आणि दोन्ही गावांतली मिळून पन्नास हजारांच्या वर माणसं हाकलून दिली, भर उन्हाळ्यात चालत, कित्येक वाटेत तहानेने मेली. एकूण त्या युद्धात साधारण ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. मग त्या रिकाम्या घरांत कोण आलं, तर युरोपातून वाचून आलेले आणि इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त इथले ज्यू, पुढे आमचे भारतातलेही. अरब देशांतून पुढच्या पंचवीसेक वर्षांत आठ लाखांच्या आसपास ज्यू निघाले, खूप जणांची घरंदारं तिथेच जप्त झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक इराकी आजी होती, १९५१ ला बगदादहून आलेली. तिला अरब लोकांचं नाव काढलेलं चालायचं नाही, पण शिव्या द्यायची त्या अरबीतून, रेडिओवर गाणी ऐकायची ती अरबी, आणि शेवटच्या आजारपणात हिब्रू पूर्ण विसरली तेव्हा तिचं बोलणं डॉक्टरला समजावून सांगितलं ते तैबे गावच्या एका अरब मुलीने, जी आमच्या वॉर्डात नवीनच लागली होती. मी तिथे उभी होते. ती मुलगी आजीचा हात धरून बसली होती आणि आजी तिला बगदादच्या कुठल्यातरी गल्लीचा पत्ता सांगत होती.

आता इथले अरब म्हणजे कोण हे नीट समजून घे, कारण भारतात बातम्या बघणारे सगळ्यांना एकाच पिशवीत घालतात. १९४८ मध्ये जे गेले नाहीत, आतच राहिले, त्यांना इस्रायलचं नागरिकत्व मिळालं. आज देशातला दर पाचवा माणूस अरब आहे, मुसलमान, ख्रिश्चन, द्रूझ असे सगळे मिळून. मतदान करतात, खासदार असतात, जज असतात. पण पहिली अठरा वर्षं, १९६६ पर्यंत, हे नागरिक असूनही लष्करी अमलाखाली होते, शेजारच्या गावाला जायचं तरी परवाना लागायचा. २९ ऑक्टोबर १९५६ ला कफ्र कासिममध्ये अचानक कर्फ्यू लावला, शेतावर गेलेल्या लोकांना माहीतच नव्हतं, संध्याकाळी परत आले तसे पोलिसांनी गोळ्या घातल्या, ४९ माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं. वेस्ट बँक आणि गाझाचे पॅलेस्टिनी वेगळे, ते नागरिक नाहीत, १९६७ पासून इस्रायली सैन्याच्या ताब्याखाली आले. गाझामधून २००५ मध्ये सैन्य आणि तिथे वसवलेल्या ज्यू वसाहती बाहेर काढल्या पण समुद्र, आकाश आणि बहुतेक सीमा हातात ठेवल्या, २००७ पासून आत हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेचं राज्य आणि बाहेरून नाकेबंदी. पण गंमत नाही, खरं सांगते, ही माणसं एकमेकांची नातेवाईक आहेत. इथल्या नर्सची मावशी गाझातल्या खान युनिसला असते. हे पुढे येईल, लक्षात ठेव.

हॉस्पिटलात इतके अरब का, तर साधं कारण आहे. इथे संरक्षणाशी जोडलेल्या कंपन्या, आयटीमधल्या बऱ्याच नोकऱ्या, सरकारातली कितीतरी पदं सैन्यात कोण कुठल्या युनिटला होतं यावर मिळतात, आणि मुसलमान व ख्रिश्चन अरब बहुतेक सैन्यात जात नाहीत. मग हुशार पोरांना जो रस्ता मार्कांवर मोकळा होता तो मेडिकलचा. इथे सीट नाही मिळाली तर जॉर्डन, रोमानिया, मोल्दोव्हा इकडे जाऊन शिकून आले. आज देशातले साधारण चौथा हिस्सा डॉक्टर अरब आहेत, नर्स त्याहून किंचित जास्त, फार्मासिस्ट तर जवळजवळ अर्धे. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा सुट्टीचा दिवस, आणि मोठे सण यांना ड्युटी तेच ओढतात, ईदला आम्ही. ते उद्या एक आठवडा आले नाहीत तर इस्रायलची हॉस्पिटलं बंद पडतील, हे अगदी कट्टर मंत्र्यालाही माहीत आहे.

एकत्र काम कसं करतात तर प्रेमाने नाही, नियमाने. मोठा हल्ला झाला, एकदम वीस-तीस जखमी आले की प्रत्येकाला रंग मिळतो, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा थांबू शकतो, हिरवा चालत आलाय. नाव नंतर विचारतात. २००२ मध्ये, दुसऱ्या इंतिफादाच्या म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, भोसकाभोसकीच्या एका प्रकरणात हल्ला करणारा आणि ज्याच्यावर हल्ला झाला तो दोघेही आमच्याकडेच आले. मधे एक हिरवा पडदा. हल्ला करणारा जास्त लाल होता, त्याला पोलिसांच्या गोळ्या लागलेल्या, म्हणून त्याला आधी घेतलं. मी रक्ताची पिशवी लावत होते आणि पडद्याच्या पलीकडून जखमी मुलाच्या वडिलांनी विचारलं, "त्यालाही तेच रक्त देताय?" मी हो म्हणाले आणि पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही, आजही सुचत नाही. २०१५ च्या शेवटी इथल्या डॉक्टरांच्या संघटनेने नियम स्वच्छच केला, हल्लेखोर असो की त्याचा बळी, जखम किती गंभीर त्यावरच क्रम ठरेल. मला तो नियम बरोबर वाटतो. मी पोलीस नाही, जज नाही, माझ्या हातात सुई आहे.

आणि हा नियम कसा मोडतो तेही मी बघितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोग्यमंत्र्यांनीच सांगून टाकलं की हमासच्या पकडलेल्या लोकांना सरकारी हॉस्पिटलांनी घ्यायचं नाही. त्यांना स्दे तेमान नावाच्या लष्करी तळावर तंबूतल्या हॉस्पिटलात ठेवलं, आणि तिथून पेशंटचे डोळे बांधून, हातपाय कॉटला जखडून ठेवल्याच्या गोष्टी बाहेर आल्या. ७ ऑक्टोबरला गाझातून इस्रायलमध्ये घुसून त्यांनी जे केलं ते ऐकून माझं रक्त खवळलंच होतं, पण बांधलेल्या डोळ्यांच्या पेशंटला कुठली नर्स काय विचारणार, कुठे दुखतंय हे कसं कळणार.

पांढरा कोट घातला की माणूस देव होतो असं मात्र समजू नकोस. २५ फेब्रुवारी १९९४ ला, रमजानात, पहाटेच्या नमाजाच्या वेळी वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत शिरून २९ माणसं मारणारा बारूख गोल्डस्टीन डॉक्टर होता, शेजारच्या ज्यू वसाहतीत पेशंट तपासायचा. आणि हमासच्या संस्थापकांपैकी एक अब्देल अझीझ रांतिसी हा लहान मुलांचा डॉक्टर. हेब्रॉनच्या त्या सकाळनंतर चाळिसावा घातला जातो त्या सुमाराला, ६ एप्रिलला, अफुला गावात हमासने बसजवळ गाडीत बॉम्ब उडवला, ८ गेले, आणि तिथून बसमधल्या आत्मघाती हल्ल्यांची रांग लागली. हे सगळं कधी, तर सप्टेंबर १९९३ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी ओस्लो शांतता करारावर हात मिळवल्यावर सहा-सात महिन्यांत. मग ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिनना एका ज्यू तरुणानेच गोळ्या घातल्या, शांतता सभेतून बाहेर पडताना. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा बस उडाल्या आणि मे मधल्या निवडणुकीत नेतन्याहू एका टक्क्याच्या आतल्या फरकाने निवडून आले. मी त्याच वर्षी इथे उतरले, त्यामुळे हे मला तारखेवार पाठ आहे. तू विचारतेस ना कधी संपणार, तर हे बघ, जेव्हा जेव्हा संपायला आलं तेव्हा दोन्हीकडच्या थोड्या माणसांनी खून करून ते उधळलं, आणि बाकीच्या लाखोंनी त्या खुनांना मत दिलं. गोल्डस्टीनला आणि हमासला एकमेकांशी बोलायची गरजच पडली नाही, दोघांचं काम एकच होतं.

हायफाचं मॅक्सिम रेस्टॉरंट माहीत असेल तर बघ, समुद्राजवळचं, एक ज्यू कुटुंब आणि एक अरब कुटुंब मिळून चालवायचे. ४ ऑक्टोबर २००३ ला, शनिवारी दुपारी, वेस्ट बँकेतल्या जेनिनहून आलेल्या एका तरुण मुलीने तिथे स्वतःला उडवलं. वकिली शिकलेली होती, जूनमध्ये तिच्या भावाला इस्रायली सैनिकांनी मारलं होतं. २१ माणसं गेली, ज्यू आणि अरब दोन्ही, एकाच घरातल्या तीन-तीन पिढ्या. तिच्या भावाचं दुःख मला समजतं, पण त्या दुपारी जेवायला बसलेल्या लहान पोरांचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि जे कोणी त्याला शौर्य म्हणतात त्यांच्याशी माझं जन्मात जमणार नाही. रेस्टॉरंट त्याच दोन कुटुंबांनी काही महिन्यांत परत उघडलं.

आता ७ ऑक्टोबर. शनिवार होता, सणाचा दिवस, साडेसहाला सायरन. मला सुट्टी होती तरी आठपर्यंत पोचले. माझ्या आधी पोचला होता तो कफ्र कासिमचा एक नर्स, अकरा वर्षं आम्ही एकाच शिफ्टला आहोत, नाव लिहीत नाही. त्या दिवशी साधारण १२०० माणसं मारली गेली आणि २५१ ओलीस नेली. त्यात अरबही होते हे फार कोणी सांगत नाही. नोव्हाच्या म्युझिक फेस्टिवलला इक्साल गावचा २३ वर्षांचा अरब पॅरामेडिक ड्युटीला होता, बाकीच्यांना पळायला सांगितल्यावर तो थांबला, म्हणाला मी अरबीत बोलेन त्यांच्याशी, जखमींना पट्ट्या बांधत राहिला आणि त्यालाही मारलं. दक्षिणेच्या वाळवंटी भागातले अरब बेदुइन मारले गेले, ओलीस नेले गेले. आणि गाझाच्या पेशंटसाठी झटणारी माणसं मारली गेली याचं मला सगळ्यात जास्त लागलं. ओदेद लिफशित्झ, ८३ वर्षांचे, सीमेवर जाऊन गाझाच्या आजारी माणसांना आपल्या गाडीतून इस्रायलच्या हॉस्पिटलात पोचवायचे, त्यांना ओलीस नेलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये मृतदेहच परत आला. विव्हियन सिल्व्हर, ७४ वर्षांच्या, आयुष्यभर अरब-ज्यू बायकांना एकत्र आणत राहिल्या, त्या सीमेजवळच्या बेएरी गावातल्या आपल्या घरातच गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात एक गोष्ट मी बघितली. आमच्या छातीवर नावाचा बिल्ला असतो. त्या कफ्र कासिमच्या नर्सने आपला उलटा करून लावला होता. कोणी सांगितलं नव्हतं. एका जखमी सैनिकाच्या आईने आदल्या दिवशी त्याचं नाव वाचून हात झटकला होता, दुसरा कोणीतरी पाठवा म्हणाली होती. तो काही बोलला नाही, सलाईनची नळी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या कॉटकडे गेला. मी ती नळी लावली. मीही काही बोलले नाही, त्या बाईलाही नाही आणि त्यालाही नाही, आणि हे मला अजून खातं.

आणखी एक नर्स आहे आमच्याकडे, लोदचीच, तिची मावशी खान युनिसला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज गेला पण पोचला नाही की एकच टिक दिसते ना, ती एक टिक ती अकरा दिवस बघत होती. औषधांच्या खोलीत आत जायचं, फोन काढायचा, बघायचं, खिशात टाकायचा, बाहेर येऊन ज्यू पेशंटचं बीपी घ्यायचं. त्याच दिवसांत माझा भाचा सैन्याच्या रिझर्व्ह ड्युटीवर खान युनिसच्या बाजूलाच होता. आम्ही दोघी एकाच बेसिनला हात धुवायचो, तिला माहीत होतं, मला माहीत होतं. रात्री तीनच्या सुमाराला ती चहा करायची, त्यात मरमिया घालून, आपल्याकडच्या तुळशीसारखं पण उग्र असतं ते पान, मला एक कप द्यायची. बाराव्या दिवशी दुसरी टिक आली. मावशी होती, मावशीचा मुलगा नव्हता. तिने दोन दिवसांची रजा टाकली आणि कारण लिहिलं "ताप". गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे दोन वर्षांत ६७ हजारांच्या वर माणसं गेली, पण इथे एका नर्सला आपल्या मावसभावासाठी मोठ्याने रडता येत नव्हतं, कारण रडली तर कोणाच्या बाजूने रडतेस हा प्रश्न येतो. त्या महिन्यांत किती अरब डॉक्टर-नर्सना फेसबुकच्या एका पोस्टवरून, एका लाइकवरून घरी बसवलं गेलं. पेटाह तिकवाच्या एका हॉस्पिटलात कार्डियाक आयसीयूचे प्रमुख होते, त्यांना प्रोफाइल फोटोवरून सस्पेंड केलं, फोटोत हिरवा झेंडा होता, त्यावर कलमा लिहिलेला, लोकांनी तो हमासचा ठरवला, आणि फोटो युद्धाच्या कितीतरी आधी टाकलेला.

म्हणून परदेशात कोणी इस्रायलच्या हॉस्पिटलांचा फोटो दाखवून म्हणतं ना की बघा, अरब-ज्यू किती सुखाने काम करतात, तेव्हा मला राग येतो. फोटो खोटा नाही. पण तो शांत दिसतो त्याची किंमत एकाच बाजूचे लोक गप्प राहून भरतात. आणि ती बरोबरी गेटपर्यंतच असते. मे २०२१ मध्ये माझ्या गावात दंगल पेटली, सिनेगॉग जाळले, गाड्या जाळल्या, अरबांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले झाले, बाहेरून बंदुका घेऊन लोक आले. एक ३२ वर्षांचा अरब माणूस गोळी लागून मेला. दुसऱ्या दिवशी एक ५६ वर्षांचा ज्यू माणूस गाडीवर झालेल्या दगडफेकीत जखमी झाला आणि आठवड्याने गेला. त्याच्या घरच्यांनी अवयव दिले, एक किडनी जेरुसलेमच्या अरब ख्रिश्चन बाईला बसली. ही बातमी जगभर फिरली आणि फिरायलाच हवी. पण पुढचंही सांगायला हवं, अरब माणसाच्या मृत्यूची केस स्वसंरक्षण म्हणून बंद झाली, ज्यू माणसाच्या मृत्यूसाठी अरब तरुणांवर दहशतवादी खुनाचे आरोप लागले. लोदमधल्या अरब घरांत किडनीची गोष्ट सांगितली की ते मान हलवतात आणि मग ही दुसरी गोष्ट सांगतात. दोन्ही खऱ्या आहेत.

जून २०२५ मध्ये इराणची मिसाइल्स येत होती तेव्हा तमरा या अरब गावात एक मिसाइल घरावर पडलं आणि एकाच कुटुंबातल्या चार बायका-मुली गेल्या. मिसाइलला काय कळतं कोण अरब कोण ज्यू. पण शेल्टर कुठे बांधायचे हे सरकारला कळतं, आणि अरब गावांत सार्वजनिक शेल्टर जवळपास नाहीतच. नेगेवमधल्या बेदुइनांची कित्येक गावं तर सरकारी नकाशावरच नाहीत, तिथे पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला सायरन ऐकू आला तरी पळायला जागा नाही. आणि रोजचं मरण वेगळंच, अरब गावांत गुंडांच्या टोळ्यांच्या गोळीबारात आणि तसल्याच हिंसाचारात २०२३ मध्ये २४० च्या वर माणसं गेली, आदल्या वर्षाच्या दुपटीने. ते जखमी आमच्याकडेच येतात. त्यांच्यासाठी कोणी झेंडे घेऊन उभं राहत नाही.

मग होणार काय? मी राजकारणातली नाही, पण एवढी वर्षं जखमा बघून माझं एक मत झालंय ते सांगते. दहशतवाद म्हणजे खून, त्याला इतिहासाचं पांघरूण घालू नये, आणि हमाससारख्यांच्या हातात पॅलेस्टिनी लोकांचं भलं कधीच झालं नाही. पण लाखो माणसांना साठ वर्षांच्या आसपास मताशिवाय, चेकपोस्टच्या मागे ठेवायचं आणि म्हणायचं की शांत बसा, हेही चालणार नाही. ओस्लोच्या वेळी वेस्ट बँकेत लाखभर वसाहतवाले होते, आज पूर्व जेरुसलेम सोडून पाच लाखांच्या वर आहेत, आणि दर नव्या घराबरोबर जमीन वाटून घ्यायची शक्यता कमी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली, जिवंत उरलेले २० ओलीस घरी आले, आमच्या वॉर्डात सगळे रडले, सगळे म्हणजे सगळे. ते हवंच होतं, पण त्याला मी शेवट म्हणणार नाही.

एक माणूस मात्र मला आठवतो. मन्सूर अब्बास, शिकलेला दातांचा डॉक्टर, इस्लामी विचारांच्या 'रआम' या अरब पक्षाचा नेता. लोदची दंगल विझत होती तेव्हा तो जळलेल्या सिनेगॉगला आला आणि म्हणाला आम्ही बांधायला मदत करू, त्यावरून त्याच्याच लोकांनी त्याला झोडपलं. आणि महिन्याभरात, १३ जून २०२१ ला, त्याचे चार खासदार धरून एका मताच्या फरकाने सरकार बनलं, त्याच सरकारात कट्टर उजवे ज्यूही होते. स्वतंत्र अरब पक्ष सरकारात बसला असं आधी कधी झालं नव्हतं. वर्षभरात पडलं. पण झालं, मी डोळ्यांनी बघितलं, आणि म्हणून कोणी म्हणालं की हे लोक एकत्र येऊच शकत नाहीत तर मी मानत नाही.

आता तुझ्या कामाचं बोलू. भीती वाटते का, तर अरब सहकाऱ्यांची नाही, एक दिवसही वाटली नाही. सायरनची वाटते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत ममाद असते, जाड भिंतींची, लोखंडी खिडकीची खोली. मुलाखतीत पहिला प्रश्न हा विचार की घरात ममाद आहे का, नसेल तर शेल्टर किती पावलांवर आहे, आणि आजी-आजोबांना व्हीलचेअरवरून तिथे नेता येतं का. मध्य इस्रायलमध्ये सायरन झाल्यावर साधारण दीड मिनिट मिळतं, गाझाच्या सीमेजवळ पंधरा सेकंद. पंधरा सेकंदांत अंथरुणाला खिळलेला माणूस हलत नाही, म्हणून सीमेजवळची जागा असेल तर त्यांची कॉट आधीच ममादमध्ये आहे का ते बघ. मे २०२१ मध्ये अश्कलोनला केरळची एक केअरगिव्हर रॉकेटमध्ये गेली, नवऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत असताना. आणि ७ ऑक्टोबरला केरळच्याच दोघींनी नीर ओझमध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याला वाचवलं, ममादचं दार आतून लॉक होत नाही, ते रॉकेटसाठी बनवलंय, बंदूकवाल्यांसाठी नाही, तर त्या दोघी कितीतरी तास दाराचं हँडल धरून उभ्या राहिल्या. मला ते वाचून आपल्या अंजली कुलथे आठवल्या, २६/११ ला कामा हॉस्पिटलात खाली गोळ्या चालू असताना २० गरोदर बायकांना एका खोलीत नेऊन दारं बंद करून रात्र काढली, त्यातल्या एकीचं बाळंतपणही त्याच रात्री झालं. २०२२ मध्ये त्या यूएनच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. आपल्या कामात शौर्य म्हणजे बहुतेक वेळा दार धरून ठेवणंच असतं, आणि त्याची तयारी असेल तरच ये.

हिब्रू शिकशीलच, नर्सला इथे अहोत म्हणतात, म्हणजे बहीणच, आपण सिस्टर म्हणतो तसं. पण दहा-बारा शब्द अरबीही शिक. तू सांभाळशील त्या आजोबांना रात्री अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर वॉर्डातली नर्स अरब असण्याची शक्यता भरपूर, आणि औषधाच्या दुकानातला माणूस तर बहुतेक असेलच. 'शुक्रन' म्हणजे धन्यवाद म्हण, आजारी माणसाला 'सलामतक' म्हणजे लवकर बरे व्हा म्हण, चेहरा कसा उजळतो बघ. ज्या घरात काम करशील तिथे जेवताना अरबांबद्दल वाटेल ते बोललं जाईल, कधी रडून, कारण त्यांचंही कोणीतरी गेलेलं असेल. हो ला हो लावू नकोस आणि वादही घालू नकोस, ऐकून घे. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर १०१, तो फोनमध्ये आधी टाक.

आणि एजंटचं. त्याने लाखात पैसे मागितले असतील तर एक रुपया देऊ नकोस, आधी भारत सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं रजिस्ट्रेशन आहे का बघ. व्हिसा कुठल्या कामाचा आहे, कोणत्या कुटुंबाचं नाव आहे, करार कुठल्या भाषेत आहे, हे कागद हातात आल्याशिवाय नोकरी सोडू नकोस. त्याने आत्तापर्यंत जे काही दिलंय त्याचे फोटो काढून मला पाठव, हिब्रूत असेल ते मी वाचून सांगते.